मराठी चित्रपटातील वार्धक्य आणि कुटुंब

वृद्ध आई-वडील आणि त्यांची संसारी मुले यांच्यातील संबंध हा मराठी चित्रपटाचा एक जुना, पुनःपुन्हा हाताळला गेलेला विषय होय. राजा परांजपे यांच्या ‘ऊन पाऊस’ (१९५४) पासून सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ (२०१३) पर्यंत या विषयाची एक सलग परंपरा दाखविता येते. तीत दोन भिन्न प्रवृत्ती आढळतात. एक प्रवृत्ती मुलांवर आरोप ठेवते, वृद्धांच्या वतीने साक्षीपुरावे मांडते आणि प्रेक्षकाकडून निवाडा मागते. दुसरी प्रवृत्ती संयत व अबोल असून घरातील कोणालाही दोषी न ठरविता घडलेले दुःख समजून घेऊ पाहते. संख्येने व लोकप्रियतेने पहिली मोठी आहे, परंतु कलादृष्ट्या महत्त्वाचे जे काही या विषयात निर्माण झाले, ते बहुतांशी दुसरीच्या वाट्याचे आहे.

शीत प्रदेशांतील चित्रपटांत कौटुंबिक नाट्य आणि हिवाळा यांची सांगड सहज पडते. बाहेर बर्फ साचले की दारे बंद होतात, माणसे एका छताखाली कोंडली जातात आणि एरवी टाळता येणारे संभाषण टाळणे अशक्य होते. इंगमार बर्गमन या स्वीडिश दिग्दर्शकाच्या ‘फॅनी अँड अलेक्झांडर’ (१९८२) या चित्रपटाचा प्रारंभ नाताळातील कुटुंबमेळाव्याने होतो. तुर्की दिग्दर्शक नुरी बिल्गे जेलान याच्या ‘विंटर स्लीप’ (इं. शी., २०१४) मध्ये बर्फाने वेढलेल्या हॉटेलात पती, पत्नी व नणंद यांच्यात जे बोलणे होते, ते उन्हाळ्यात झालेच नसते. यासुजिरो ओझू या जपानी दिग्दर्शकाने आपल्या अनेक कुटुंबपटांना ऋतूंची नावे दिली. उत्तर वसंत, ग्रीष्मारंभ, उत्तर शरद अशी ती नावे आहेत. हिवाळ्याचे नाव मात्र त्याने एकाही उत्तरकालीन चित्रपटाला दिले नाही. त्याचा खऱ्या अर्थाने हिवाळी चित्रपट म्हणजे ‘टोकिओ बोशोकू’ (१९५७). त्याच्या शीर्षकाचा अर्थ ‘टोकिओतील संधिप्रकाश’ असा आहे. आईने टाकून दिलेल्या दोन मुली व त्यांचा बाप यांची ती कहाणी ओझूच्या चित्रपटांत सर्वांत काळोखी मानली जाते. हिवाळा आणि संध्याकाळ ही दोन्ही त्याने तेथे एकत्र आणली, हे पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मुंबईच्या मराठी कुटुंबाला असा हिवाळा उपलब्ध नाही. सांताक्रूझ येथील वेधशाळेच्या नोंदींनुसार जानेवारीतील सरासरी किमान तापमान सु. १६° ते १७° से. असते. एखादी गोधडी किंवा शाल पुरे होते आणि दार उघडेच राहते. मराठी चित्रपटात म्हणूनच ऋतू पडद्यावर फारसा दिसत नाही. तो शीर्षकात जाऊन बसतो आणि वयाचे रूप घेतो. ‘ऊन पाऊस’, ‘उत्तरायण’ ही चित्रपटांची नावे व ‘संध्याछाया’ हे नाटकाचे नाव पाहिले, तर हवामान, सूर्याची गती आणि दिवसाचा प्रहर यांच्या आधाराने आपण वार्धक्याविषयी बोलत आलो आहोत, असे दिसून येईल. कोंडलेपणाचे जे काम तिकडे बर्फ करते, ते येथे जागेची टंचाई करते. एका खोलीत किती माणसे झोपणार, म्हाताऱ्यांची खाट कोठे लागणार आणि न्हाणीघराची पाळी कोणाची, हे या चित्रपटांतील खरे हवामान होय.

या हवामानाचा अभ्यास करण्यास विलेपार्ले हे उपनगर सोयीचे आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे मराठी मध्यमवर्गाची दाट वस्ती झाली. पार्ले टिळक विद्यालय (१९२१) व लोकमान्य सेवा संघ (१९२३) या संस्थांनी तिला शिक्षणाचे व सार्वजनिक जीवनाचे वळण लावले. दीनानाथ मंगेशकर नाट्यगृहामुळे नाटकाचा प्रेक्षक येथे घट्ट रुजला. शिक्षण हीच या वर्गाची मुख्य मिळकत होती आणि तिचाच परिणाम म्हणून मुले दूर गेली. आधी पुण्या-बंगलोरास, मग अमेरिकेस. उपनगराच्या कडेलाच विमानतळ आहे. ज्या विमानांनी मुले गेली, त्यांचा आवाज आई-वडिलांच्या गच्चीवर दिवसभर येत राहावा, ही योजना एखाद्या पटकथाकाराने केली असती, तर तिला कृत्रिम म्हटले गेले असते. पुढे जुन्या दुमजली इमारती पाडून त्यांच्या जागी उंच इमारती उठू लागल्या. तेव्हा ‘पुनर्विकासाच्या कागदांवर सही कोण करणार’ हा प्रश्नही घरातल्या वृद्धांच्या वाट्याला आला.

नाटककार विजय तेंडुलकर हे दीर्घकाळ याच उपनगराचे रहिवासी होते. रंगमंचावर १९७० मध्ये आलेल्या त्यांच्या ‘गिधाडे’ या नाटकात मुले पैशासाठी बापाला मारहाण करतात आणि बापही त्यांच्याहून वेगळा नसतो. वरवर सभ्य दिसणाऱ्या घराची ही दुसरी बाजू त्यांनी इतक्या उघडपणे मांडली की, प्रयोगाला अभ्यवेक्षणाशी झगडावे लागले. येथे त्या नाटकाचा उल्लेख एवढ्यासाठीच की, संयत कौटुंबिक चित्रपट म्हणजे कटू वास्तवाकडे पाठ फिरविणारी रचना, असा जो आक्षेप घेतला जातो, त्याचे उत्तर ‘गिधाडे’ वाचल्यावर अधिक नेमके देता येते. हिंसा दाखविणे हा सत्याचा एक मार्ग आहे. ज्या घरात कोणी हात उचलत नाही आणि तरीही कोणीतरी एकटे पडते, त्या घराला तो मार्ग लागू पडत नाही.

‘ऊन पाऊस’ हा पहिल्या प्रवृत्तीचा मूळ नमुना. निवृत्त शिक्षक व त्याची पत्नी यांची मुलांच्या सोयीसाठी होणारी ताटातूट हा त्याचा गाभा आहे. लीओ मकॅरी या अमेरिकन दिग्दर्शकाच्या ‘मेक वे फॉर टुमारो’ (१९३७) या चित्रपटातही असेच जोडपे मुलांच्या घरांत विभागले जाते. भारतात हे कथासूत्र पुढे फार फोफावले. हिंदीतील ‘बागबान’ (२००३) हे त्याचे सर्वांत गाजलेले आणि सर्वांत कर्कश रूप होय. मराठीत संजय सूरकर यांच्या ‘तू तिथं मी’ (१९९८) मध्ये मोहन जोशी व सुहास जोशी यांनी हेच जोडपे उभे केले. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यास लाभला. सुहास जोशी यांच्या अभिनयातील संकोच, उतारवयात नवऱ्याची सोबत मागावी लागण्याची लाज, हा या चित्रपटाचा खरा ऐवज आहे. वृद्ध दांपत्याला परस्परांविषयी ओढ असते, एवढी साधी गोष्ट मुलांच्या ध्यानीही येत नाही, हे त्यात उत्तम रीतीने आले आहे. तथापि कथेचा एकूण डोलारा जुन्याच खांबांवर उभा आहे. मुले स्वार्थी असणे त्याला आवश्यक वाटते, कारण त्याशिवाय अश्रूंना वाट मिळत नाही.

या प्रकारच्या चित्रपटांचे व्याकरण हिशेबाचे आहे. मराठीत ‘आई-बापांचे पांग फेडणे’ असा वाक्प्रचार आहे, आणि धर्मशास्त्राने तर पितृऋणाची गणना माणसाच्या जन्मजात ऋणांत केली आहे. वडिलांनी खस्ता खाल्ल्या, पोटाला चिमटा घेऊन फी भरली, आईने दागिने मोडले ही जमेची बाजू झाली. मुलांनी त्यांना बाल्कनीत झोपविले, ही नावेची. चित्रपट ही वही प्रेक्षकापुढे उघडतो आणि बाकी काढून दाखवितो. त्यात असत्य काही नाही. किंबहुना ही बाकी इतकी खरी ठरली की, ‘आई-वडील व ज्येष्ठ नागरिक पालनपोषण व कल्याण अधिनियम, २००७’ या केंद्रीय कायद्याने तिला वसुलीचे साधनही दिले. त्यानुसार मुलांना दरमहा कमाल १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च देण्याचा आदेश न्यायाधिकरण देऊ शकते. अनेक वृद्धांना या कायद्याचा आधार वाटतो आणि तो वाटणे योग्यच आहे. परंतु ज्या गोष्टीची वसुली करता येते, तिची कला होणे कठीण. हिशेब पूर्ण होताच पात्रे संपतात. वडील हे सावकार आणि मुलगा हा बुडवा ऋणको एवढेच उरते, आणि आयुष्यात त्या दोघांनी आणखी काय केले, त्यांना काय आवडत होते, कोणाची भीती वाटत होती, याची चौकशी कोणी करीत नाही.

दुसऱ्या प्रवृत्तीचा उगम चित्रपटापेक्षा रंगभूमीवर अधिक स्पष्ट दिसतो. जयवंत दळवी यांचे ‘संध्याछाया’ (१९७३) हे नाटक विजया मेहता यांनी दिग्दर्शित केले व त्यात प्रमुख भूमिकाही केली. एक मुलगा अमेरिकेत, दुसरा सैन्यदलात आणि घरी बोलायला माणूस शोधणारे नाना-नानी, एवढीच त्याची सामग्री. मुलगे वाईट नाहीत, ते फक्त तेथे नाहीत. दळवींचे यश असे की, त्यांनी वृद्धांच्या एकटेपणाचे कारण कोणाच्या दुष्टपणात न शोधता मध्यमवर्गाच्या यशातच शोधले. पार्ल्यासारख्या वस्तीतील प्रेक्षकाला हे नाटक इतके लागले, याचे कारणही तेच. मुलाला परदेशी पाठविल्याचे पेढे वाटलेल्या माणसाला त्याच पेढ्यांची चव पुन्हा आठवून देणे, हे आरोपापेक्षा कितीतरी अवघड काम आहे. नाटकाच्या अखेरीस दांपत्य एकत्र मरण पत्करते. हा शेवट परिणामकारक असला, तरी तोवर जपलेल्या संयमाशी विसंगत वाटतो. रोजच्या दुपारी कशा सरतात, हे इतक्या बारकाईने दाखविल्यानंतर अशी अखेर नाटककाराने आपल्या पात्रांना दिलेली सुटका वाटते. प्रत्यक्षात दुपारी सरतच राहतात.

दळवींच्याच ‘दुर्गी’ या नाटकावर बिपिन नाडकर्णी यांनी ‘उत्तरायण’ हा चित्रपट काढला. सन २००४ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. निवृत्त विधुर (शिवाजी साटम) आणि आयुष्याने फरफटत नेलेली त्याची तारुण्यातील परिचित स्त्री (नीना कुळकर्णी) यांची उतारवयात पुन्हा भेट होते. शीर्षक अर्थपूर्ण आहे. ऐन थंडीत सूर्य उत्तरेकडे वळतो. भीष्माने मरणासाठी ज्या काळाची वाट पाहिली, तोच हा काळ. पण दिवस मोठा होऊ लागतो, तोही याच काळात. परंपरेने मरणाशी जोडलेला शब्द चित्रपटाने जगण्याच्या बाजूला ओढून घेतला. येथे वृद्ध माणूस प्रथमच कोणाचा बाप म्हणून न येता स्वतःसाठी काही मागणारा म्हणून येतो. हे मागणे मुलाला अडचणीचे वाटले, तरी अन्यायाचे वाटत नाही. नीना कुळकर्णी यांनी दुर्गीला दीनवाणी होऊ दिले नाही, हे विशेष. मराठी चित्रपटात दुःख भोगलेली स्त्री आली की तिचे डोळे सतत पाणावलेले असण्याचा प्रघात आहे. त्या प्रघाताला येथे फाटा मिळाला आहे.

या परंपरेतील सर्वांत महत्त्वाची कृती म्हणजे ‘अस्तु’. सुमित्रा भावे (मृत्यू २०२१) या मूळच्या समाजशास्त्राच्या अभ्यासक. त्यांनी सुनील सुकथनकर यांच्या सहकार्याने १९८५ च्या ‘बाई’ या लघुपटापासून चित्रनिर्मिती केली. ‘अस्तु’ मधील डॉ. चक्रपाणी शास्त्री (मोहन आगाशे) हे संस्कृतचे नामवंत अध्यापक. अल्झायमर या विकाराने त्यांची स्मृती ओसरत चालली आहे. थोरली मुलगी इरा (इरावती हर्षे) हिच्याबरोबर मोटारीने बाहेर पडलेले असताना त्यांना रस्त्यावर हत्ती दिसतो, आणि लहान मुलाने जावे तसे ते त्याच्यामागे चालू लागतात. माहूत त्यांना परत धाडू पाहतो, पण ते हलत नाहीत. अखेर त्याच्या पालावर ते पोचतात आणि माहुताची बायको चन्नम्मा (अमृता सुभाष) त्यांची काळजी घेते. एकीकडे मुलीचा शोध व त्यासोबत उलगडणारे घराचे पूर्वायुष्य, दुसरीकडे पालावरचा हा दिवस, अशा दोन धाग्यांनी चित्रपट पुढे जातो.

या कथेने जुन्या हिशेबाची वहीच निरुपयोगी करून टाकली. ज्याचे ऋण फेडायचे तो सावकारच विसरला की, आपण काय दिले होते. मुलीला तो ओळखत नाही, तिच्यावर त्याचा हक्क आहे हेही त्याला ठाऊक नाही. ज्या विद्वत्तेमुळे घरात त्याचा दरारा होता, तिचे श्लोक तेवढे तुटकपणे ओठांवर येतात. मग इराने त्याला सांभाळायचे ते कशासाठी? तो तिचा बाप आहे म्हणून, की कधीकाळी होता म्हणून? ‘ऊन पाऊस’ च्या परंपरेत हा प्रश्न उद्‌भवूच शकत नव्हता, कारण तेथे वृद्धांना सर्व काही आठवत असते. आठवणे हेच त्यांचे हत्यार असते. भावे यांनी ते हत्यार काढून घेतले आणि त्यामागे उरलेला माणूस दाखविला.

चन्नम्माचे पात्र या प्रश्नाला छेद देते. ती कानडी बोलते, शास्त्रींचे नाव व पद तिला कळण्याचा संभव नाही, त्यांनी तिला काहीही दिलेले नाही. समोरचा म्हातारा मूल झाला आहे, एवढेच तिला दिसते आणि ती त्याला मुलासारखे वागविते. तोही तिला आई मानतो. ऋण नसताना सेवा संभवते, हे येथे सिद्धांत म्हणून न येता जेवण भरविण्याच्या, अंग पुसण्याच्या कृतींतून येते. मुलगी जेव्हा तेथे पोचते, तेव्हा बापाला घरी नेण्यापूर्वी तिला हे पाहावे लागते. आपले नाते त्याच्या लेखी पुसले गेले आहे आणि तरी एक नाते शिल्लक आहे, ज्यात तिला मुलीची नव्हे तर आईची जागा घ्यावी लागेल. शीर्षकातील संस्कृत शब्दाचा, ‘असो, तसे होवो’ या स्वीकाराचा, रोख तिकडे आहे. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी साहाय्यक अभिनेत्रीचा आणि सुमित्रा भावे यांना संवादलेखनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आगाशे हे स्वतः मनोविकारतज्ञ. त्यांनी विकाराची लक्षणे दाखविण्यापेक्षा त्यातील सुखाचे क्षण दाखविण्यावर भर दिला. हत्तीकडे पाहतानाचा त्यांचा चेहरा रुग्णाचा वाटत नाही. जगातील पहिला हत्ती पाहणाऱ्या माणसाचा तो चेहरा आहे. प्रेक्षकाला यामुळे एक अस्वस्थ करणारी जाणीव होते. विसरणाऱ्याचे दुःख थोडे आणि आठवणाऱ्यांचे मोठे आहे, आणि वृद्धाच्या काळजीच्या नावाखाली घरातील माणसे बऱ्याचदा स्वतःच्याच गमावलेल्या ओळखीसाठी रडत असतात. इराची चिडचीड, नंतर वाटणारी शरम, नवऱ्याच्या (मिलिंद सोमण) समजूतदारपणाचाही तिला येणारा कंटाळा या गोष्टी इरावती हर्षे यांनी आवाज न चढविता व्यक्त केल्या आहेत. धाकटी बहीण राही (देविका दफ्तरदार) हिच्याशी होणारी तिची बोलणी विशेष उल्लेखनीय आहेत. सांभाळणारे अपत्य आणि दूर असलेले अपत्य यांच्यात जी एक न बोललेली तक्रार असते, ती मराठीत इतक्या अचूकपणे क्वचितच आली असेल.

चित्रपटाचे दोषही त्याच्या गुणांशी निगडित आहेत. भावे यांची पात्रे विचार करणारी असतात आणि ती विचार बोलून दाखवितात. ‘अस्तु’ मध्ये काही प्रसंगी घराचे परिसंवादगृह होते. स्मृती म्हणजे काय, ‘मी’ म्हणजे कोण, याची चर्चा हत्ती दिसल्यावर अनावश्यक ठरायला हवी होती. ओझूच्या ‘टोकिओ मोनोगातारी’ (१९५३) मध्ये मुलांच्या घरी निराश झालेले वृद्ध दांपत्य समुद्रकाठच्या बांधावर बसते आणि परत जाण्याचे ठरविते. त्यावर भाष्य होत नाही, आणि प्रेक्षकाला ते लागत नाही असेही होत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. चन्नम्मा ही फार निर्मळ आहे. पालावर राहणाऱ्या, हत्तीवर पोट असणाऱ्या कुटुंबाला एका अनोळखी माणसाचे जेवण परवडते का, पोलीस आले तर आपले काय होईल, ही चिंता चित्रपटात आहे, पण ती तिच्या नवऱ्याच्या वाट्याला देऊन तिला तीतून मोकळे ठेवले आहे. सुशिक्षित मध्यमवर्गाच्या अपराधभावनेला क्षमा मिळावी म्हणून एका गरीब स्त्रीने निरपेक्ष असावे, ही अपेक्षा सौम्य असली, तरी अपेक्षाच आहे. आरोपपत्राच्या चित्रपटांनी मुलांना खलनायक केले. या चित्रपटाने तो मोह टाळला, पण देवमाणसाचा मोह त्याला पूर्णपणे टाळता आला नाही.

पूर्ण होऊन व पुरस्कार मिळूनही ‘अस्तु’ सर्वसाधारण चित्रपटगृहांत २०१६ मध्ये पोचला. तोवर तो महोत्सवांतून व खास खेळांतून फिरला आणि मनोविकार व वृद्धसेवा या क्षेत्रांतील मंडळींनी तो चर्चेसाठी वापरला. या वापराने चित्रपटाला प्रेक्षक मिळाला खरा, परंतु तो विकाराची माहिती देणारा बोधपट असल्याचा समजही पसरला. त्याचा विषय विकार नसून ऋण हा आहे.

विलेपार्ल्यातील, आणि एकूणच मुंबईतील, मध्यमवर्गीय घरांत आज रुग्णशय्येवरील वृद्धांची शुश्रूषा बव्हंशी पगारी बायका करतात. कोणी कोकणातून आलेली असते, कोणी परप्रांतातून. मुलगा किंवा मुलगी सातासमुद्रापलीकडून दूरध्वनीच्या पडद्यावर चेहरा दाखविते, आणि म्हाताऱ्याला कूस बदलायला लावणारा हात तिचा असतो. बारा तासांची पाळी, महिन्याचा ठरलेला पगार, संस्थेचा त्यातील वाटा आणि एवढे असूनही कधीकधी निर्माण होणारी माया, या सगळ्यांसह चन्नम्माची ही दुसरी, पैसे घेणारी बहीण मराठी चित्रपटात मुख्य पात्र म्हणून अद्याप फारशी आलेली नाही. तिचा स्वतःचा म्हातारा बाप गावी कोणाच्या हाती सोपविलेला असतो, हा प्रश्न तर त्याहून दूर राहिला आहे.